आठवण नसलेला जॅकपॉट

कराडच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आम्ही बारा जणींनी भिशी सुरू केली ती १९८८ साली. तेव्हा मी पंचवीस वर्षांची होते. आज ऐंशीची आहे आणि भिशी अजून चालू आहे. बारांपैकी सहा जणी उरलो. बोर्ड गेले, हेडफोन गेले, ट्रंक कॉल म्हणजे काय ते नातवंडांना समजावून सांगावं लागतं, आणि ती ऐकून घेतात ती केवळ चांगल्या वळणाची आहेत म्हणून. पण दर महिन्याच्या दहा तारखेला दुपारी तीन वाजता आम्ही कुणाच्या तरी घरी जमतो, चिठ्ठी काढतो, आणि जिचं नाव निघेल तिला सगळ्यांचे पैसे मिळतात.

एकदा नाव निघालं की ती चिठ्ठी पुन्हा डब्यात पडत नाही. म्हणजे सहा जणींत पहिल्या महिन्यात तुमचा नंबर लागण्याची शक्यता सहात एक, पुढच्या महिन्यात पाचात एक, मग चारात एक. जितकं थांबावं लागेल तितकी संधी वाढते. सगळ्यांत शेवटी उरलेलीला तर चिठ्ठी उघडून बघायचीही गरज नसते. इतकी वर्षं हे डोळ्यांनी बघितल्यावर माणसाच्या हाडात एक समजूत मुरते, की बरेच दिवस लागला नाही म्हणजे आता लागणार. भिशीपुरती ती समजूत अगदी खरी आहे.

आमच्यातली कायमची शेवटची म्हणजे रझिया मुजावर. एक्स्चेंजमध्ये ती माझ्या शेजारच्या बोर्डावर बसायची. तिची चिठ्ठी कधी लवकर निघायचीच नाही असं नव्हतं, पण निघाली की ती नंबर बदलून द्यायची. माझ्या मुलाला इंजिनियरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा तिने मला दिला. घोरपडेबाईंच्या यजमानांचं बायपास झालं तेव्हा त्यांना दिला. मागावंही लागायचं नाही. कुणाचा चेहरा उतरलेला दिसला की ती म्हणायची, घे तू, मी शेवटी घेते.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात रझियाचा डावा कान गेला. उजवा आधीच गेलेला होता. इतकी वर्षं कानाला हेडफोन लावल्याचं ते बक्षीस, असं ती म्हणायची. मग तिने तो समोरच्याचं बोलणं काचेवर अक्षरांत दाखवणारा चष्मा घेतला. तो बऱ्यापैकी चालायचा, पण सहा जणी एकदम बोलायला लागलो की अक्षरांचा नुसता चिवडा व्हायचा. मग रझिया चष्मा कपाळावर सरकवून गप्प बसायची. आयुष्यभर दुसऱ्यांची बोलणी जोडून देणाऱ्या बाईला तसं गप्प बसलेलं मला बघवायचं नाही.

मिरजेच्या एका डॉक्टरीणबाईंनी तिला कानात बसवायच्या नव्या रोपणाबद्दल सांगितलं. मी बरोबर होते. जुन्या रोपणात कानाच्या नसेला विजेचे धक्के देत. वीज आत पसरते, त्यामुळे जवळजवळचे सूर एकमेकांत मिसळतात. नव्या पद्धतीत आधी औषधाने नसेच्या पेशी उजेडाला जाग्या होतील अशा करतात, आणि मग कानाच्या शंखात मोहरीहूनही लहान दिव्यांची माळ बसवतात. वेगळ्या सुराला वेगळा दिवा. उजेड विजेसारखा पसरत नाही, म्हणून आवाज स्वच्छ येतो. अट एकच होती. नस अजून जिवंत पाहिजे. रझियाची होती, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या की सप्टेंबर संपायच्या आत झालं तर झालं, त्यानंतर ती नस कायमची निजेल.

विम्यातून काही मिळणार होतं. उरलेला खर्च आमच्या भिशीच्या साधारण दुप्पट होता. त्या फेरीचा शेवटचा नंबर, ऑगस्टचा, अर्थातच रझियाचा. एक भिशी तर आहेच, बाकीचं बघू, असं ती म्हणाली. बघू म्हणजे कुठून, ते तिलाही ठाऊक नव्हतं. मूलबाळ नाही, यजमान जाऊन दहा वर्षं झालेली.

भिशीची खजिनदार मी. सगळ्या जणी एक तारखेला माझ्या खात्यात पैसे पाठवायच्या, आणि दहा तारखेला मी ते जिचा नंबर असेल तिला द्यायची. म्हणजे ऑगस्टच्या एक तारखेपासून दहा तारखेपर्यंत रझियाचे पैसे माझ्याकडे होते.

आता पारखीबद्दल सांगायला हवं.

पारखी म्हणजे फोनमधला तुलना करून देणारा मदतनीस. तेव्हा तो बहुतेक घरांत आलेला होता. तूरडाळ कुठे स्वस्त, विजेची कुठली योजना बरी, कुठला दवाखाना काय घेतो, सगळं तो शेजारी शेजारी मांडून दाखवायचा. साध्या मराठीत बोलायचा आणि कधी चिडायचा नाही. त्याच सुमाराला ऑनलाइन स्लॉटच्या, म्हणजे पैसे लावून चित्रांची चक्रं फिरवायच्या खेळाच्या, जाळ्यांना परवानगी मिळाली होती, मात्र कायद्याने एक अट घातली होती. फिरलेल्या प्रत्येक चक्राची नोंद उघडी ठेवायची. त्यामुळे पारखी त्यांचीही तुलना करू लागला.

या जाळ्यांतला जॅकपॉट वाढता असतो. कुणीही कुठूनही चक्र फिरवलं की त्या पैशातला एक बारीक हिस्सा सगळ्यांच्या सामाईक रकमेत पडतो. कराडमधल्या बाईचा, नाशिकमधल्या रिक्षावाल्याचा, दुबईतल्या सुताराचा. कुणाला तरी तो लागेपर्यंत रक्कम वाढत राहते. मला ते लगेच कळलं, कारण ते आमच्या ट्रंक एक्स्चेंजसारखंच होतं. गावोगावच्या तारा एका बोर्डावर येऊन मिळणार. जाळं जितकं मोठं तितका जॅकपॉट भराभर फुगतो, पण तितकीच तुमची शक्यता लहान होते.

सकाळी चहाबरोबर लोक शब्दकोडं सोडवतात, तशी मी या जाळ्यांची तुलना करायची. वर्षभर मी एकदाही खेळले नव्हते. मला नुसती गंमत वाटायची. महाघट नावाचं जाळं अकरा देशांत पसरलेलं, त्याचा जॅकपॉट इतका मोठा की आकडा वाचताना मी मध्येच चुकायची. सप्तधारा लहान होतं. त्यांच्या जॅकपॉटला कमाल मर्यादा जाहीर केलेली होती, रक्कम तिथे पोचायच्या आत तो कुणाला तरी लागलाच पाहिजे असा नियम. तिसरं नवलाख. मध्यम आकाराचं, आणि अकरा महिन्यांत त्याचा जॅकपॉट कुणालाही लागलेला नव्हता.

ऑगस्टच्या दोन तारखेला माझ्या मनात आलं की आता नवलाखचा नंबर लागणार.

पारखीने मला सावध केलं नाही असं मी म्हणणार नाही. तो म्हणाला, "कुमुदताई, या जॅकपॉटला आठवण नाही. अकरा महिने लागला नाही हे त्याला माहीत नसतं. प्रत्येक चक्र पहिल्यासारखंच असतं, म्हणून शक्यता कालच्याइतकीच आहे." सप्तधाराची गोष्ट वेगळी, हेही त्याने समजावलं. तिथे मर्यादा असल्यामुळे रक्कम वाढेल तशी शक्यता खरोखर वाढते, नवलाखमध्ये वाढत नाही. मी ऐकलं आणि मनात म्हटलं, याने कधी भिशी लावली आहे का?

रझियाला काही विचारलं नाही. दहा तारखेला तिच्या हातात दुप्पट रक्कम ठेवायची, तिचा चेहरा बघायचा, एवढंच डोळ्यांसमोर होतं. तिने मला दिलेल्या सगळ्या नंबरांची एकदम परतफेड होणार होती. चांगल्या हेतूने माणूस किती बेधडक होतो, ते मी त्या चार दुपारी शिकले.

चार दुपारी मी जेवण झाल्यावर खोलीचं दार लोटून बसायची. पाच चित्रं जुळली की जॅकपॉट. चार जुळायची आणि पाचवं एका घराने पुढे सरकायचं. मला ते हरल्यासारखं वाटायचंच नाही. लाइन एंगेज लागल्यासारखं वाटायचं. लाइन एंगेज असली तर ऑपरेटर काय करते? पुन्हा लावते. मी पुन्हा पुन्हा लावत गेले, आणि चौथ्या दुपारी रझियाचे निम्म्याहून जास्त पैसे गेले होते.

पाचव्या दिवशी मी पारखीला विचारलं, आता काय? त्याने सप्तधारा पुढे मांडलं. त्यांचा जॅकपॉट मर्यादेच्या अगदी काठावर आलेला होता. तासाभरात तो कुणाला तरी लागणारच होता. या वेळी माझी समजूत आणि गणित दोन्ही एका बाजूला होती. मी उरलेली सगळी रक्कम लावायला घेतली.

"थांबा," पारखी म्हणाला. "हाच प्रश्न या घटकेला मला चार लाख लोक विचारत आहेत."

तुलना जोवर थोड्या लोकांच्या हातात होती, तोवर तिच्यात नफा होता, असं त्याने सांगितलं. आता ती सगळ्यांच्या हातात आहे. जॅकपॉट पिकला की सगळ्यांना एकाच मिनिटाला कळतं आणि सगळे तिकडे धावतात. लागणार एकालाच. बाकीचे जे घालतील त्यातला मोठा वाटा जाळ्याकडे राहतो. गर्दी जितकी जास्त, तितकी त्यांची कमाई जास्त. मी रुपया घातला तर सरासरीने परत येणार होते साठ पैसे. मी विचारलं, मग तुझा उपयोग काय? तो म्हणाला, "एवढं सांगण्याचा."

मला दहावीच्या निकालाचे दिवस आठवले. मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांना निकाल कळवायला सगळं कराड एकदम फोन उचलायचं. माझ्या बोर्डावरचे दिवे एकदम पेटायचे, दिवाळीसारखे, आणि त्या उजेडात एकही कॉल लागायचा नाही. आम्ही प्लग हातात धरून नुसत्या बघत बसायचो. त्या दुपारी मी फोन पालथा ठेवला, चपला घातल्या आणि शनिवार पेठेत रझियाकडे गेले. पुढे त्या जॅकपॉटचं काय झालं ते मी कधी बघितलं नाही.

रझिया मेथी निवडत होती. मी तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं. ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती, चष्म्याच्या काचेवर बघत होती, त्यामुळे माझी वाक्यं तिच्यापर्यंत जरा उशिरा पोचायची. माझं बोलणं संपलं तरी ती वाचतच होती. मग तिने चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"मी रागावले आहे," ती म्हणाली, जरा मोठ्याने, कारण स्वतःचा आवाज तिला कळत नव्हता. "पैशासाठी नाही. तुला वाटलं होतं की मी शेवटी थांबते ते नशिबावर थांबते?"

चष्मा नसल्याने मी बोलून उपयोग नव्हता.

"ज्यांना आधी मिळाले, त्या पुढच्या महिन्यांत पैसे आणून देतात, म्हणून शेवटच्या नंबराला मिळतात. दर वेळी मी पाच जणींवर थांबले. तुझ्यावर थांबले. तू मला सोडून त्या फिरत्या चित्रांवर गेलीस."

मग तिने निम्मी मेथी माझ्याकडे सरकवली. मी निवडायला लागले. जाताना तिने एवढंच बजावलं की दहा तारखेला सगळ्यांसमोर मीच सांगायचं, ती सांगणार नाही.

दहा तारखेला आम्ही घोरपडेबाईंकडे जमलो. घोरपडेबाई आमच्या सुपरवायझर. आता शहाऐंशीच्या आहेत, पण अजून आम्ही त्यांच्यासमोर पाय पसरून बसत नाही. मी सगळं सांगितल्यावर बाईंनी विचारलं की गणितात मला किती मार्क होते. दहावीला अठ्ठ्याहत्तर, मी म्हणाले. "बरे होते की," बाई म्हणाल्या. "मग एवढी वर्षं ते ठेवलेस कुठं?" कुणी हसलं नाही. त्यांनी तिथल्या तिथे खजिनदारी माझ्याकडून काढून घेतली, आणि मला त्यात काही गैर वाटलं नाही. मी माझ्या पाटल्या मोडून रझियाची रक्कम आधीच पुरी केली होती आणि ती त्या दिवशी तिच्या हातात दिली. पण ती एकच भिशी झाली. हव्या होत्या दोन, आणि सप्टेंबर तोंडावर आलेला.

तेव्हा बाईंनी सांगितलं की त्यांच्याकडे अजून जुन्या ऑपरेटरांचे नंबर आहेत. साताऱ्याच्या, विट्याच्या, पाटणच्या, मिरजेच्या, ज्यांच्याशी आम्ही वर्षानुवर्षं तारेवरून बोललो आणि ज्यांतल्या निम्म्यांचे चेहरे कधी बघितले नाहीत. नवी भिशी लावायची, मोठी, आणि पहिला नंबर चिठ्ठी न काढता रझियाला द्यायचा. फोन लावायचं काम त्यांनी माझ्यावर टाकलं. "तुझी शिक्षा आहे," म्हणाल्या. "आणि प्रत्येकीला कारणही सांगायचं. रझियाच्या कानाचं आणि तुझ्या अकलेचं."

चार दिवस मी फोन करत होते. मला वाटलं होतं शरमेने जीव जाईल. पण पाटणच्या बाईंनी माझा आवाज पहिल्या शब्दाला ओळखला आणि त्या रडायलाच लागल्या. साताऱ्याच्या एका बाईंनी सांगितलं की त्यांची स्वतःची तशीच रक्कम महाघटमध्ये गेली होती, आणि हे त्यांनी त्यांच्या सुनेलाही सांगितलेलं नाही. विट्याच्या कदमबाईंनी मात्र आडपडदा न ठेवता विचारलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई पहिला नंबर घेणार, आणि पुढचे हप्ते भरायला राहिलीच नाही तर? घोरपडेबाई शेजारी बसून ऐकत होत्या. त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला.

"कदमबाई, ती इतकी वर्षं आमच्यासाठी शेवटी थांबली," त्या म्हणाल्या. "आता ती नाही राहिली तर तिचे हप्ते मी भरीन. आणि मी नाही राहिले तर ही कुमुद भरेल, तिच्या अंगावर अजून एक मंगळसूत्र आहे."

कदमबाई आल्या. आम्ही वीस जणी झालो.

त्या आठवड्यात एका सकाळी चहा घेताना मी पारखीला ही नवी भिशीही त्या तीन जाळ्यांच्या शेजारी मांडायला सांगितली. त्याने विचारलं, जिंकणारा कसा ठरतो? मी म्हटलं, ठरत नाही, सगळ्यांना एकेकदा मिळतं. मग जाळं स्वतःसाठी किती ठेवतं? काही नाही. मग तो म्हणाला, "या रांगेत ही बसत नाही. हिची शक्यता मी लिहू शकतो, ती एक आहे, म्हणजे खात्रीची. पण ती खात्री कुठून येते ते माझ्याकडच्या नोंदींत नाही." मी त्याचे आभार मानले. मनापासून मानले. त्याने मला एकदाही खोटं सांगितलं नव्हतं, आणि त्या दुपारी त्याने थांबा म्हटलं नसतं तर रझियाकडे मी कुठल्या तोंडाने गेले असते?

वीस सप्टेंबरला मिरजेत रोपण झालं. जखम भरायला महिना दिला, आणि ऑक्टोबरच्या शेवटी ते चालू केलं. आम्ही तिघी तिथे होतो. सगळ्यांत आधी घोरपडेबाईंनी विचारलं, काय गं, येतंय का ऐकू? रझिया दचकली, त्यांच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बाई, तुम्ही बदकासारख्या बोलताय." डॉक्टरीणबाई हसल्या. सुरुवातीला असंच वाटतं, मेंदूला नवा आवाज शिकावा लागतो, असं त्या म्हणाल्या. परतीच्या वाटेवर गाडीत बाई तोंडातून शब्द काढेनात, आणि रझिया मुद्दाम त्यांना एकेक प्रश्न विचारत होती.

डिसेंबरपर्यंत आमचे आवाज तिला आमचे वाटायला लागले. एका दुपारी तिने मला चहाला बोलावलं. चष्मा डोळ्यांवर नव्हता. चहा झाल्यावर ती माझ्यासमोर, अगदी गुडघ्याला गुडघा लावून बसली.

"आता सांग," ती म्हणाली.

"काय?"

"ऑगस्टात सांगितलंस ते. तेव्हा मी वाचलं. तुझ्या तोंडून ऐकलेलं नाही."

मला वाटलं होतं की दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल. चौदा जणींना फोनवर सांगून झालेलं होतं. पण तिने कान देऊन ऐकायला सुरुवात केली आणि माझी वाक्यं तुटायला लागली. चार दुपारींपाशी आवाज बसला. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"चष्म्यात एवढं आलं नव्हतं," ती म्हणाली.

"तेव्हाही एवढंच सांगितलं होतं की."

"शब्द तेवढेच होते. पण तुझा आवाज असा कापतो, ते नव्हतं आलं. काचेवर सगळी अक्षरं सारखीच दिसतात गं."

तिने माझा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. मी सांगितलं.